मामांचे तीन दिवे

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मिळून माझ्या बायकोच्या मामांइतका ठाम माणूस झाला नसेल, आणि इतक्या ठामपणे चुकणारा तर नाहीच नाही. कवठे महांकाळजवळ त्यांची कोरडवाहू शेती होती. त्याआधी ते सैन्यात होते. तिथे त्यांच्या ताब्यात ब्लँकेटांचे कोठार होते, पण गावात बोलता बोलता ते कोठार हळूहळू सरहद्दीकडे सरकत जाई. यंत्र दिसले की मामांना चेव चढे. आमच्या शेजाऱ्यांचा रेडिओ त्यांनी 'आवाज जड झालाय' म्हणून उघडला, आणि त्यानंतर त्या रेडिओने कुणाला आवाजाचा त्रास दिला नाही. अशा माणसाला त्याच्या अमेरिकेतल्या जावयाने डिजिटल कॅमेरा आणून द्यावा, यामागे जावयाचा काहीतरी जुना राग असावा, असे मला पुष्कळ दिवस वाटत होते.

नव्वदचे दशक संपत आले होते. रोल न लागणारा कॅमेरा आमच्या ओळखीत कुणी पाहिला नव्हता. त्याला डोळा लावायच्या भिंगाशेजारी एक हिरवा आणि एक नारिंगी दिवा होता, आणि पुढच्या बाजूला एक लाल. काढलेले फोटो मागच्या छोट्या पडद्यावर बघता येत, पण काचेवर चरा पडू नये म्हणून मामांनी पहिल्याच दिवशी त्यावर पुठ्ठा ठेवून चिकटपट्टी मारली. राहिले दिवे. त्यांचे अर्थ मामांनी कुणाला न विचारता ठरवून टाकले. हिरवा लुकलुकला म्हणजे कॅमेरा खूश आहे, नारिंगी म्हणजे तापलाय, आणि लाल म्हणजे सेल बसले. मी सोबतचे इंग्रजी पुस्तक वाचून सांगितले, "मामा, हिरवा लुकलुकतो तेव्हा फोटो पुसट येणार असतो. तो स्थिर झाला की मग दाबायचं. आणि नारिंगी म्हणजे फ्लॅश तयार होतोय." मामांनी माझ्याकडे दयेने पाहिले. "जावईबापू, पुस्तक लिवणाऱ्यानं कवा फोटो काडलाय व्हय? मिलिटरीत माझा जलम दिव्यात गेलाय."

त्या जन्माची फळे साऱ्या नातेवाइकांनी भोगली. एका साखरपुड्यात नारिंगी दिवा लुकलुकू लागताच मामांनी कॅमेरा खुर्चीवर ठेवला आणि ते त्याला वर्तमानपत्राने वारा घालू लागले. समोर दोन्हीकडची मंडळी हसरी तोंडे करून ताटकळत उभी. शेवटी मुलाचे वडील कळवळून म्हणाले, "आवं, गाल दुखाय लागलं. काडा की एकदाचा!"

"गप ऱ्हावा," मामा गरजले. "तुमच्या घाईनंच तापलंय त्ये."

मग हिरवा दिवा लुकलुकताना पाहून त्यांनी 'खूश हाय, खूश हाय' करत सगळे फोटो उरकले. ते इतके पुसट आले, की नवरी कोणती आणि समई कोणती यावर दोन्ही घरांत मतभेद झाले.

त्या दिवाळीला मामा मेढ्याला आले. मेढ्याला त्यांची थोरली बहीण, म्हणजे माझ्या सासूबाई राहत. मोठ्या हसऱ्या बाई. पण कॅमेरा समोर आला की पदर कपाळापर्यंत ओढून, ओठ आवळून अशा बसत, की जणू कुणी त्यांची जबानी घेत आहे. मामांनी त्यांना ओसरीवर बसवले, कॅमेरा स्टुलावर ठेवला, चुकून भलतेच बटण दाबले आणि पदर नीट करायला ते पुढे गेले. वळून पाहतात तर लाल दिवा लुकलुकतोय.

"सेल बसलं!" मामा धावले. स्टुलासमोर वाकून, भिंगात तोंड घालून ते कॅमेऱ्याला मिलिटरी हिंदीत दरडावू लागले, "ए, बंद हो! बंद हो बोला ना!"

फ्लॅश उडाला. मामा असे दचकले, की त्यांची टोपी खाली पडली.

"मामा, तो आपोआप फोटो निघायचा दिवा होता," मी म्हणालो.

"आपोआप?" मामा टोपी झटकत म्हणाले. "मग मानसं कशाला पायजेत?" आणि बिघडला म्हणून त्यांनी कॅमेरा पिशवीत टाकला, तो पुन्हा काढला नाही. मला, खरे सांगायचे तर, सुटल्यासारखे वाटले.

थंडी सरता सरता सासूबाई गेल्या, अगदी ध्यानीमनी नसताना. भिंतीवर लावायला फोटो शोधला तर सगळ्यांत तेच आवळलेले ओठ. माझी बायको एकेक फोटो हातात घेई आणि खाली ठेवी. "ही आई नव्हेच," म्हणे. मामांचा जावई अमेरिकेहून आला होता. त्याने कॅमेरा साताऱ्याला नेऊन कॉम्प्युटरला जोडला आणि संध्याकाळी एक फोटो छापून आणला.

अर्ध्या फोटोत मामांचे अवाढव्य तोंड आणि डोके. त्यामागे ओसरीवर सासूबाई, पदर खांद्यावर घसरलेला, मान मागे टाकलेली, एक हात मामांच्या डोक्याआड गेलेला, दुसऱ्याने पोट धरून धाकट्या भावाकडे बघून हसत होत्या. हिरवा दिवा त्या वेळी बहुधा स्थिर असावा, कारण डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्याही स्वच्छ दिसत होत्या.

मामा आता श्रेय घेणार, अशी माझी खात्री होती. माझे उत्तरही तयार होते. मामांनी फोटो घेतला, उजेडासाठी दारात गेले आणि आमच्याकडे पाठ करून तो डोळ्यांजवळ धरून पाहू लागले.

"माझं डोस्कं मधी आलंय," ते म्हणाले. "जरा बाजूला सरलो असतो, तर आक्काचा हात बी दिसला असता."