डोअरकीपरसकट हशा

आमच्या मजल्यावरचे मार्तंडराव परचुरे सिनेमा डोळ्यांनी बघत नाहीत. थिएटरात गेले की शेवटच्या रांगेतली कडेची खुर्ची धरतात, चष्मा काढून खिशात ठेवतात आणि मांडीवर वही उघडतात. पडद्यावर कोण नाचतंय, कोण मरतंय, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. ते लोकांना ऐकतात.

चौतीस वर्षं ते अंधेरीच्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते, म्हणजे मशीन चालवायचे. रीळ चढवणं, मशीनच्या दिव्यातल्या कार्बनच्या कांड्या सरकवणं या गडबडीत सिनेमा अर्धामुर्धाच दिसायचा, पण खाली हॉलमध्ये लोक काय करतायत ते झरोक्यातून बरोबर कानावर यायचं. शुक्रवारचा पहिला शो संपला की मॅनेजर केबिनमध्ये येऊन विचारायचा, काय वाटतं? हे सांगायचे, तीन आठवडे. किंवा, सोमवारी उतरवा. बहुतेक वेळा तसंच व्हायचं.

हशाचे त्यांनी दर्जे ठरवले होते. ‘स्टॉल’ म्हणजे पुढच्या स्वस्त रांगा हसल्या. ‘बाल्कनी’ म्हणजे वरचेही हसले, आणि ते सहसा हसत नाहीत, कारण त्यांनी पैसे जास्त मोजलेले असतात. सगळ्यात वर ‘डोअरकीपरसकट’. दाराशी बॅटरी घेऊन उभा राहणारा माणूस तोच सिनेमा चाळीस वेळा बघतो. तोही हसला तर हशा खरा. असे हशे सबंध नोकरीत नऊ झाले, असं ते सांगतात आणि नऊच्या नऊ तारखांसकट सांगतात. मी चाळीस वर्षं त्यांची शेजारीण असल्यामुळे मला त्या पाठ आहेत.

टॉकीज पाडून तिथे टॉवर झाला तेव्हा मार्तंडराव घरी बसले आणि कुंदाच्या स्वयंपाकात लक्ष घालू लागले. कुंदा त्यांची बायको. तिने आठ दिवस सहन केलं. नवव्या दिवशी ती दुसऱ्या मजल्यावरच्या ओजसला म्हणाली, “तुझ्या त्या स्टुडिओत यांना कुठेतरी चिकटव रे बाबा.” ओजस सिनेमांचं एडिटिंग करतो. प्रदर्शनाआधी बाहेरच्या शे-दीडशे लोकांना सिनेमा दाखवून ते कुठे हसतात, कुठे मोबाइल काढतात हे बघायची पद्धत आहे. ओजसने काकांना एकदा नेऊन बसवलं, आणि पुढे त्यांच्या वहीशिवाय शेवटची कात्री लावणंच बंद केलं. वहीत मिनिट लिहायचं आणि लोकांनी काय केलं ते लिहायचं. आपलं मत लिहायचं नाही. हा नियम मार्तंडरावांनी स्वतःच घातला आणि स्वतःच पाळला.

आता पतपेढीबद्दल सांगायला हवं, आणि ते सांगताना मला राग येतो. सगळ्यात जास्त स्वतःचा.

आमच्या रस्त्यावर एक पतपेढी होती. बँकेपेक्षा दोन टक्के जास्त व्याज द्यायची. आम्ही कोणी उपाशी नव्हतो. मार्तंडरावांना टॉकीजचे पैसे मिळाले होते, मला ऑफिसचं पेन्शन होतं. तरी ते दोन टक्के आम्हाला सोडवेनात. सोसायटीच्या गच्चीवर कोजागिरीचं दूध पिताना आम्ही त्या दोन टक्क्यांत काय काय होईल ते बोलायचो. मार्तंडरावांनी कुंदाच्या थोरल्या भावाला, जयवंतरावांनाही गळ घातली. जयवंतराव छापखान्यात होते, एकटे होते, जपून वागणारे होते. ते सहा महिने नको नको म्हणाले आणि मग सगळेच्या सगळे पैसे तिथे ठेवले.

दीड वर्षात पतपेढीने दार अर्धं लावून घेतलं. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी पितळी टोकनं वाटायचे, आणि खिडकी उघडी असेल तोवर एकेकाला पाच हजार द्यायचे. आम्ही उन्हात उभे राहायचो. जयवंतराव घडीचं स्टूल आणि चहाचा थर्मास घेऊन यायचे आणि आजूबाजूच्यांना झाकणातून चहा द्यायचे.

त्या गुरुवारी त्यांना एकसष्ट नंबर मिळाला होता, मला चौसष्ट. मार्तंडरावांची पाळी नव्हती, ते मेव्हण्याला सोबत म्हणून आले होते. खिडकीवर अठ्ठावन्न चालू होता. जयवंतराव स्टुलावरून उठले, “जरा बसतो” असं काहीतरी उलटंच बोलले आणि खाली कोसळले. दोघांनी उचलून त्यांना रिक्षात घातलं. मी आत बसले, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. मार्तंडरावांनी त्यांच्या शर्टाच्या खिशातून टोकन काढलं आणि मला म्हणाले, “तुम्ही व्हा पुढे. नंबर लागला की आलोच मी.”

हॉस्पिटलच्या फाटकात रिक्षा वळेपर्यंत जयवंतराव गेले होते. मार्तंडराव तासाभराने आले. तोवर कुंदा आलेली नव्हती, तिला नंतरच कळवलं. ती आली तेव्हा आम्ही दोघंही तिथेच होतो, त्यामुळे रिक्षात दोघंही होतो असं ती धरून चालली. आम्ही तिची समजूत दुरुस्त केली नाही. सात वर्षं नाही केली. मार्तंडरावांकडे बघितलं की मला तो गुरुवार आठवायचा आणि मी मनातल्या मनात त्यांच्यावर दात ओठ खायचे. माणूस मरतोय आणि हा नंबर धरून उभा राहतो.

गेल्या वर्षी ओजसकडे एक सिनेमा आला. दामदुपटीच्या योजनेत अख्खी वसाहत कशी बुडते त्यावरचा, काळ्या विनोदाचा. गोरेगावच्या स्टुडिओत तो दाखवला त्या दिवशी मार्तंडराव संध्याकाळी स्वतःच्या घरी न जाता माझ्या घरी आले. चपला न काढता आत आले, म्हणजे काहीतरी बिनसलं होतं.

“शर्मिष्ठाबाई, तुम्ही कोणाजवळ बोललात का?”

“कशाबद्दल?”

त्यांनी सांगितलं. सिनेमात पैसे परत मिळवायला रांग लागते. एक म्हातारा रांगेतच पडतो. त्याचा मेव्हणा आधी त्याची नाडी बघतो, मग खिसा बघतो. टोकन काढून घेतो आणि म्हणतो, तुम्ही व्हा पुढे, आलोच मी. म्हाताऱ्याला उचलून नेतात, रांग एक पाऊल पुढे सरकते, आणि खिडकीतून नंबर पुकारल्याबरोबर मेव्हणा शाळेतल्या मुलासारखा हात वर करतो.

मी म्हटलं, “मी कशाला बोलू? माझं काय डोकं फिरलंय?”

“मग यांना कसं कळलं? मी ओजसला विचारलं. तो म्हणाला, काका, लेखकाच्या मामाच्या बाबतीत झालं होतं हे, मुलुंडला.” ते खुर्चीत बसले, वही मांडीवर ठेवली. “म्हणजे आणखीही कोणी केलंय.”

“लोक काय करत होते?”

“हसले. सबंध सिनेमात एवढे हसले नाहीत. दाराशी चहावाला उभा होता, त्याने हा सिनेमा आधी तीनदा बघितलाय. तोही हसला.”

वही त्यांच्या मांडीवर बंद होती. त्या प्रसंगाची ओळ अजून कोरी होती, म्हणाले. सकाळी ती ओजसला द्यायची होती. निर्माता सिनेमा दहा मिनिटांनी कमी करा म्हणून मागे लागला होता, तेव्हा ‘लोक गप्प, प्रसंग पडला’ एवढं लिहिलं असतं तर ओजसने तो तुकडा डोळे मिटून काढला असता. आणि तो राहिला तर कुंदा बघणार होती. मार्तंडरावांची वही लागलेला प्रत्येक सिनेमा ती पहिल्या रविवारी दुपारी त्यांच्याबरोबर बघते.

“मग लिहा की पडला म्हणून,” मी म्हटलं. “कोणाला कळणार आहे? कुंदाच्या जिवाला घोर तरी नाही.”

“मी केलं त्याला लोक हसले, शर्मिष्ठाबाई. हसण्यासारखंच होतं ते. खरं आहे ते लिहायला नको?”

“आणि कुंदा?”

त्यांनी खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि माझ्याच टेबलावर बसून लिहिलं. मी खांद्यावरून वाचलं. एक तास सात मिनिटं. डोअरकीपरसकट. मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की मी चहासुद्धा विचारला नाही.

सिनेमा लागला. मार्तंडरावांनी दोन रविवार टाळले. एकदा गुडघा दुखला, एकदा तिकिटं मिळाली नाहीत. तिसऱ्या रविवारी कुंदानेच ओजसच्या आईकडून बोरिवलीच्या शोचे तीन पास आणले. “शर्मिष्ठा, तू पण चल गं. सगळे म्हणतायत झकास आहे.”

मी नाही म्हणायला हवं होतं. पण मला बघायचं होतं, कुंदाला कळल्यावर मार्तंडरावांचं काय होतं ते. हे लिहायला लाज वाटते, तरी तसंच होतं.

मॉलमधलं थिएटर भरलेलं होतं. आमच्यासारखीच माणसं, पॉपकॉर्नच्या किमतीवरून कुरकुर करून मग मोठाच डबा घेणारी. एजंट योजनेच्या कागदांना हळदकुंकू वाहतो तिथे ही माणसं हसली. बायका मंगळसूत्राच्या वाट्या काढून देतात तिथे कोणीतरी “वाट लागली” असं मोठ्याने म्हणालं आणि सगळे पुन्हा हसले. कुंदाही हसत होती, पदराने डोळे पुसत होती. मार्तंडरावांनी आज वही आणली नव्हती. चष्मा मात्र डोळ्यांवर तसाच होता आणि ते पहिल्यांदाच पडद्याकडे बघत होते.

रांग आली. म्हातारा पडला. मेव्हण्याने नाडी बघितली, खिसा बघितला. माझ्या मागचा माणूस हसता हसता माझ्या खुर्चीला लाथा मारत होता. आलोच मी, मेव्हणा म्हणाला, आणि त्यानंतरचं काही ऐकू आलं नाही इतका गलका झाला. जिन्याजवळ उभी असलेली पॉपकॉर्नवाली मुलगीसुद्धा तोंडावर हात धरून हसत होती. कुंदा हसत नव्हती. ती पडद्याकडे सरळ बघत होती. मध्यंतरात ती उठली नाही. उरलेला सिनेमा तिने तसाच बसून पुरा बघितला.

बाहेर आल्यावर ती सरकत्या जिन्याला घाबरते म्हणून आम्ही कडेच्या साध्या जिन्याने निघालो. एका हाताने तिने माझा दंड धरला होता. मार्तंडराव दोन पायऱ्या पुढे होते.

“अहो,” ती म्हणाली, “दादाचा नंबर आला होता का?”

मार्तंडराव थांबले. वळले नाहीत. “नाही. साठ झाल्यावर खिडकी बंद केली.”

“म्हणजे एकच राहिला होता.”

“हो.”

“मला माहीत होतं तुम्ही थांबला होतात ते. तुमचा शर्ट भिजवायला घेतला तेव्हा खिशात टोकन होतं. दादाने सकाळी फोनवर सांगितलं होतं, कुंदे, आज एकसष्ट मिळालाय, काम होईल.”

“मग विचारलं का नाहीस?” त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता.

“विचारलं असतं तर तुम्ही खरं सांगितलं असतं. मग मला तुमच्याबरोबर राहणं जमलं असतं की नाही, कोण जाणे.” ती एक पायरी उतरली. “आज एवढे लोक हसले. मला वाटलं, त्यांच्यातला एकेक जण थांबला असता.” आणि मग तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, “पण खिशात दोन टोकनं होती. दुसरं चौसष्टचं. तुमची तर त्या दिवशी पाळीच नव्हती. ते कोणाचं हो?”

मार्तंडराव आता वळले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही.

“असेल कोणाचं तरी,” ते म्हणाले. “आठवत नाही.”

नऊ हशांच्या नऊ तारखा सांगणारा माणूस. सात वर्षं मी त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या, आणि त्याने एकदाही मला आठवण करून दिली नव्हती, की रिक्षा सुटता सुटता मी हात बाहेर काढला होता. जयवंतरावांचं डोकं माझ्या मांडीवर होतं, आणि मी म्हटलं होतं, मार्तंडराव, माझंही धरा.

“माझं,” मी म्हटलं.

कुंदाने माझा दंड सोडला, कठडा धरला आणि उरलेल्या पायऱ्या एकटीच उतरली. खाली जाऊन मात्र ती थांबली होती. रिक्षात आम्ही तिघं दाटीने बसून आलो.

मजल्यावर आल्यावर मी माझ्या दाराची किल्ली शोधत होते. कुंदा तिच्या घरात गेली, आणि शिवणाचा डबा उघडल्याचा आवाज आला. बाहेर येऊन तिने माझ्या तळहातावर पितळी टोकन ठेवलं. चिंचेने घासल्यासारखं स्वच्छ होतं.

“हे तुझं,” ती म्हणाली. “दादाचं माझ्याकडे राहू दे.”