माशांसाठी शेवाळाची कावड

विहाराच्या घाटाखालचे मासे कुणी धरायचे नाहीत, हा नदीकाठचा नेम. आणि त्या नेमाचा राखणदार इनटा. ऐन तारुण्यात स्वतःचे जाळे जाळून त्याने भन्त्यांना शब्द दिला होता, की या हातांत पुन्हा जाळे येणार नाही. तो पायरीवर बसून पाण्यावर हलकेच थाप मारी, आणि मासे लेकरांसारखे त्याच्या घोट्यांशी लगट करीत.

मग वरच्या डोंगरात खाण सुरू झाली. नदी राखाडी झाली. गाळ दगडांवर बसला, दगडांवरचे शेवाळ गुदमरले, शेवाळातले किडे संपले. आणि हे मासे तर दगड चाटूनच जगणारे! इनटाने भाताचे गोळे टाकले, ते तसेच वाहून गेले. माशांची अंगे पात्यासारखी झाली, डोकी तेवढी मोठी दिसू लागली.

इनटाने कावड उचलली. पलीकडचा निर्मळ ओढा उंच खडकावरून नदीत पडतो. माशांना तो चढवत नाही. तिथले हिरवे दगड वाहून आणून तो घाटाखाली मांडी. मासे तुटून पडत; पण सकाळपर्यंत उरल्या शेवाळावर गाळाची साय धरे.

“काय इनटाकाका, माशांना डबा पोचवताय?” नावाडी हसे.

इनटाची बायको चानपेंग हसली नाही. त्याच्या सोललेल्या खांद्याला हळद लावता लावता ती कडाडली, “अहो, ओढा माशांकडे किती वाहणार? मासेच न्या की ओढ्यात!”

“जाळ्याशिवाय कसे नेऊ?”

“मग बसा शब्द राखत. ते मरतायत तिकडे.”

तो भन्त्यांपाशी गेला, पायांशी वाकला. “भन्ते, मला शब्दातून सोडवा.”

भन्ते नदीकडे पाहत म्हणाले, “शब्द मला दिलास, पण तो ज्यांच्यासाठी दिलास, ते जिवंत असेपर्यंतच ना रे त्याला अर्थ?”

उसने जाळे घेऊन इनटा पाण्यात उतरला. थाप मारली. परक्या सावलीलाही बुजणारे ते जीव मुकाट जवळ आले. जाळे पडले तरी एकही पळाला नाही. इनटाने ते पाण्याच्या हंड्यांत घातले आणि चानपेंगला सोबत घेऊन खडकावरच्या ओढ्याकडे चढू लागला.

वाटेतच हंड्यांमधले कितीतरी उताणे झाले. उरलेले त्याने ओढ्यात सोडले. पण त्यांच्या अंगात त्राणच नव्हते. धार त्यांना खाली, खडकाच्या टोकाकडे, त्याच नदीकडे ओढू लागली. इनटा धावत त्यांच्या खाली जाऊन प्रवाहात आडवा बसला. मासे त्याच्या मांड्यांवर आपटू लागले.

“चानपेंग! बांबू आण, कुंपण घालू! वर जा रे बाळांनो, वर शेवाळ आहे!”

“आणते. तोवर हलू नका तुम्ही,” म्हणत ती कोयता घेऊन बांबूच्या बेटाकडे पळाली.