पत्रकात नसलेलं वाक्य

ईरा, नील,

दर पंधरवड्याला मी तुम्हाला पत्र लिहिते आणि त्याची एक प्रत तारखेनुसार फाइलीत लावते, हे तुम्हाला माहीत आहे. या पत्राची प्रत मी ठेवणार नाही. यात जे आहे ते आजवर कुणाजवळ बोललेले नाही. सख्ख्या बहिणीजवळ नाही, देवापुढे हात जोडतानासुद्धा नाही. देवापुढे माणूस खरं बोलतो म्हणतात. मी तिथेही इकडचं तिकडचं मागून उठत आले.

शाळेत मी मुलींना सांगायची, मुद्द्याचं आधी लिहा. आज माझ्याच्याने ते होत नाही.

तुमच्या घरात एक बोलणं आहे — ‘शालिककाकासारखं.’ मागच्या महिन्यात ईराने पोहण्याचा क्लास सोडला, तेव्हा व्हिडिओवर तुमचे बाबा म्हणाले, “झालं, शालिककाकासारखं! दोन महिने हौस, मग पुन्हा पहिले पाढे.” तुम्ही दोघं हसलात. मीही हसले. हसले, हेही लिहून ठेवते.

शालिकराम म्हणजे तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ, माझे दीर. मी त्यांना भाऊजी म्हणायची, ते मला वैनी. आजोबा गेल्यानंतर आमच्या धानाच्या शेतीचं सगळं त्यांनीच पाहिलं. आमगावपासून पाच मैलांवरच्या या गावात आमची दोन घरं आणि मध्ये एकच अंगण. ते चौथीपर्यंत शिकलेले. मी आमगावला इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली. बँकेचा कागद असो, औषधाची चिठ्ठी असो, इंग्रजी अक्षर दिसलं की ते माझ्याकडे येत. “वैनीनं वाचलं म्हणजे पक्कं,” असं चारचौघांत सांगत.

ते बिडी ओढायचे. दिवसाला दोन बंडलं, चाळीस वर्षं. आमच्याकडे बिडीला व्यसन असं कुणी म्हणत नाही. उन्हाळ्यात अर्धं गाव पहाटे जंगलात बिडीसाठी तेंदूपत्ता तोडायला जातं, त्या मजुरीवर पोरांची वह्या-पुस्तकं येतात. निवृत्तीनंतर मला गावोगावी तंबाखूमुक्तीवर भाषणाला बोलवत. माझ्या भाषणात खर्रा यायचा, गुटखा यायचा, सिगारेट यायची. बिडी? तिचा विषय मी कधी काढला नाही. समोर बसलेल्या बायकांच्या बोटांना तेंदूच्या पानाचा डाग असायचा. आणि घरी परत आले की अंगणात भाऊजी धूर सोडत बसलेले दिसायचे. मला त्याचं काहीच वाटत नसे.

२०१४ च्या दिवाळीत तुमचे बाबा परदेशातून आले, तुम्ही दोघं लहान होतात. त्यांनी काकासाठी एक नळी आणली होती. पेनापेक्षा जाड, विजेवर चार्ज होणारी, सोबत द्रवाच्या लहान बाटल्या. त्यांनी नीट समजावून सांगितलं. निकोटिन यातही आहे, म्हणून हे काही औषध नव्हे. पण तंबाखू जळत नाही, धूर नाही, नुसती वाफ. तिकडे सिगारेट सोडण्यासाठी पुष्कळ लोक हे वापरतात. सोबत इंग्रजी सूचनांचं चार घड्यांचं पत्रक होतं. ते मी भाऊजींना पहिल्या दिवशी ओळ न् ओळ वाचून दाखवलं होतं.

पहिले आठ दिवस बिडी आणि नळी दोन्ही चाललं. मग एक बंडल चार दिवस पुरायला लागलं. मार्गशीर्ष सरेपर्यंत बिडी पूर्ण थांबली. कोनाड्यातली माचिस कौतिकाने, त्यांच्या बायकोने, चुलीजवळ नेऊन ठेवली. मला म्हणाली, “बाई, मानूस माळ्यावर चढून धान काढून राहिला, दम नाई लागत.”

गाव मात्र हसायचं. चौकातल्या पानठेल्यावर कुणीतरी विचारलं, “काऊन जी शालिकभाऊ, मोबाईल पिऊन राहिले का?” भाऊजींनी लगेच सांगितलं, “होय गा. बॅटरी उतरली होती, चार्जिंग करून राहिलो.” त्यांना त्या हसण्याचं काही नव्हतं. मला होतं. बायका आडून विचारायच्या, ते आत गांजा तर नाही ना भरत? बाईंच्याच घरात हे? — बाई म्हणजे मी.

माघात त्यांच्या धाकट्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं. अंगणात मांडव. पाहुण्यांपुढे फिरवायचं पानाचं ताट मी स्वतः लावलं होतं. विडे, सुपारी, एका कडेला बिडीची बंडलं, एका कडेला सिगारेटची पाकिटं, मध्ये माचिस. सगळं कसं सारख्या अंतरावर. मला तशी सवयच आहे. जेवणं झाली, माणसं टेकून बसली, आणि भाऊजींनी खिशातून नळी काढली. गोडसर, पिकल्या फळासारखा वास मांडवात पसरला. पोरं खिदळली. मुलाकडचे एक वडीलधारे, गोंदियात राहणारे निवृत्त अधिकारी, माझ्या शेजारच्या खुर्चीवर होते. ते हळूच म्हणाले, “मॅडम, आप तो पढ़ी-लिखी हैं. घर में ये नशा?”

त्यांच्या बोटांत आमच्याच ताटातली सिगारेट जळत होती. ती मला तेव्हा दिसली नाही — असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. दिसली होती. तरी मान माझीच खाली गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी पत्रक घेऊन आले. घसा कोरडा पडतो म्हणाले, त्याबद्दल यात काही आहे का, पाहा जी. मी चष्मा लावला. त्याबद्दल होतं. घसा कोरडा पडणं नेहमीचं आहे, पाणी जास्त प्यावं. एवढंच. दोन ओळी. मी त्या वाचल्या, आणि पुढे उगाच आणखी थोडा वेळ कागदावरून नजर फिरवत राहिले. ते समोर उभे होते, टोपी हातात घेऊन.

मग मी म्हणाले, “साठीच्या पुढच्या माणसाने हे वापरू नये, छातीला धोका आहे, असं लिहिलंय.”

असं कुठेही लिहिलेलं नव्हतं.

“पह्यले काऊन नाई सांगितलं जी?” एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हणाले, बारीक अक्षरात होतं, माझ्या नजरेतून सुटलं. म्हणजे एका खोट्यावर दुसरं. त्यांनी नळी, चार्जर, उरलेल्या बाटल्या, सगळं आणून माझ्या टेबलावर ठेवलं. “बरं झालं पाह्यलं. पोरीचं लगन व्हाचं आहे अजून, मराची घाई नाई मले,” म्हणाले आणि हसले. मी ते सगळं पत्रकासकट माझ्या कपाटात ठेवून कुलूप लावलं.

मी काय समजत होते? बिडी तर सुटलीच आहे, आता नळीही सुटेल, सगळं स्वच्छ होईल. खरंच असं समजत होते का? की मांडवात पुन्हा मान खाली घालावी लागू नये, एवढंच पाहत होते? यातलं दुसरं खरं आहे.

आठवडाभराने बिडी परत आली. महिनाभरात पुन्हा दिवसाला दोन बंडलं झाली.

तुमच्या बाबांना मी कळवलं की काकाने ते सोडलं, त्याला जमलं नाही. त्यांनी विचारलं, द्रव कमी-जास्त करून पाहायचा का, दुसरा पाठवू का? मी लिहिलं, नको, त्याचीच इच्छा नाही. असं तुमचं ते घरगुती बोलणं तयार झालं, ईरा. ते मी तयार केलं.

२०१८ च्या उन्हाळ्यात भाऊजी गेले. शेवटचे चार महिने गोंदियाच्या दवाखान्यात आणि घरी, नाकाला नळी आणि उशाशी ऑक्सिजनचं सिलिंडर. तेरवीला आलेल्या माणसांना कौतिका सांगत होती, “त्या विलायती वाफेनं यायची छाती जाळली. बाईनं वाचून सांगितलं म्हून तीन वर्षं तरी भेटले.” आणि तिने सगळ्यांसमोर माझे पाय धरले. तुमच्या बाबांनी प्रेमाने आणलेल्या वस्तूने काकाचा जीव घेतला, असं आज या गावात मानतात. मी तिथे उभी होते. मी तिला खांद्याला धरून उठवलं, पाणी दिलं.

पुढच्या वर्षी सरकारने अशा सगळ्या नळ्यांवर बंदी आणली. ती बातमी वाचून मला सुटल्यासारखं वाटलं. पाहा, मी म्हणतच होते! पण बंदीमागची काळजी होती कोवळ्या पोरांना नवीन नाद लागण्याची. चाळीस वर्षं बिडी ओढून ती सोडलेल्या माणसाबद्दल मला त्यातून काहीच कळण्यासारखं नव्हतं. तरी ते कात्रण मी फाइलीत लावलं. बिडी आजही ठेल्यावर मिळते.

नळी राहिली असती तर भाऊजी जगले असते का? कुणालाच सांगता येणार नाही. छाती आधीच पुष्कळ बिघडलेली होती, असं डॉक्टर म्हणाले होते. हा प्रश्न विचारला की मला आडोसा मिळतो, हे लक्षात आलं आणि मी तो विचारायचं सोडलं.

हे इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. मराठीत लिहिलं, कारण भाऊजी असते तर हे त्यांना स्वतःचं स्वतः वाचता आलं असतं. तुम्हाला बहुधा तुमचे बाबा वाचून दाखवतील. त्यांनाही हे आत्ताच कळतं आहे.

शालिकराम भाऊजींना जमलं होतं. त्यांनी बिडी सोडली होती. ती त्यांनी कंटाळून परत धरली नाही.

एक राहिलं. पत्रकाचं खोटं बोलल्यानंतर नवव्या सकाळी, मी चहा घेत असताना, अंगणापलीकडून माचिस ओढल्याचा आवाज आला आणि मग बिडीचा तो ओळखीचा वास. मला लगेच कळलं. नळी कपाटात होती, किल्ली कमरेला. अंगण ओलांडायला वीस पावलं लागतात. मी उठले, आणि त्या बाजूची खिडकी लावून घेतली.

तुमची आजी