न कळलेली बट

तेल्लर्वोचा दिवस पहाटे पाचला सुरू व्हायचा. कडक कॉफी, काळा पाव, मग दोन्ही हातांना मलम. कोत्का बंदरातल्या एका सलूनमध्ये केस कुरळे करायच्या औषधात तिची बोटं अर्धं आयुष्य भिजली होती. आधी चिरा पडल्या, नंतर बोटांची टोकं बधिर झाली. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. हात गेले की काम गेलं.

शनिवारी थोरली बहीण आउने सलूनमध्ये केस करून घ्यायला आली. दुसऱ्या दिवशी तिच्या नातीचा चर्चमध्ये दृढीकरणाचा विधी होता.

"कुरळे कर. आणि आटप, संध्याकाळी वाफ घ्यायला सौना तापवायचाय."

"दोन दिवस वाफ नको, किती वेळा सांगू?"

"शनिवारचा सौना चुकवायला मी काय मेले आहे?"

"उन्हाळ्यात घरी ब्लीच केलंस ना?"

"एकदाच गं. बरं, दोनदा."

केसाच्या आत गंधकाचे टाके असतात. एक औषध ते उसवतं, केस रुळावर गुंडाळला की नवा आकार घेतो, दुसरं औषध टाके परत घालतं. ब्लीचने जळलेले टाके मात्र पुन्हा पडत नाहीत. म्हणून आधी एक बट ओली करून ताणायची. जिवंत बट मागे येते, मेलेली शिजल्या शेवईसारखी लांबते. डोळ्यांआधी ते बोटांना कळतं.

तेल्लर्वोने बट ताणली. काहीच कळलं नाही. कळलं नाही म्हणजे बिघाड नाही, असं ती धरून चालली.

औषध लावलं, रूळ गुंडाळले. धुताना केस मूठमूठ हातात आले. आउनेने आरशात बघत डोक्यावरून हात फिरवला.

"सौनावर ढकलू नकोस हं. मी अजून गेलेच नाहीये."

तेल्लर्वोने नळ बंद केला.

"ते केस जोडायचं महागडं औषध लाव की मग."

"ते उरलेल्या केसांना सांधतं. तुटून पडलेल्यांना नाही. नवे मुळातूनच येणार, सावकाश."

तिने केस गोळा करून बादलीत टाकले, बेसिन घासलं, रूळ धुऊन वाळत ठेवले. वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

आउने रविवारी डोक्याला रुमाल बांधून चर्चला गेली. सोमवारी तेल्लर्वोने सलूनच्या मालकिणीपुढे हात धरले आणि बोटं बधिर झाल्याचं सांगितलं.

"कधीपासून?"

"बरेच दिवस झाले."

"मग आधी का नाही बोललीस?"

महिनाअखेरीस तिने काम सोडलं. शेवटच्या पगारातून आउनेसाठी खऱ्या केसांचा टोप घेतला. रंग आउनेने निवडला.