चार गुणांची शाळा

आमच्या गावच्या शाळेला शाळांना गुण देणाऱ्या संकेतस्थळावर दहापैकी चार गुण आहेत. मी त्याच शाळेतून बाहेर पडलो, तेव्हा पुढच्या मजकुरात काही चुकलंमाकलं तर दोष कुणाला द्यायचा हे वाचकांना सांगायला नको.

केटर्सफोर्ड हे ओहायोतलं आमचं उपनगर. इथे घरं विकायचं काम मला हुडाकबाईंनी शिकवलं. वय सदुसष्ट, नवरा वारलेला, एकुलती एक मुलगी जेनीन दूर शिकागोला. धंद्यातला पहिला नियम त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितला. गिऱ्हाईक विचारणारच, इथली शाळा कशी आहे? आपण चांगली म्हणायचं नाही, वाईटही म्हणायचं नाही. एके काळी दलालांनी असंच बोलून बोलून गोऱ्यांनी कुठल्या वस्तीत राहायचं आणि काळ्यांनी कुठल्या ते ठरवून टाकलं होतं, म्हणून आता कायद्याच्या धाकाने तोंडाला कुलूप.

"मग म्हणायचं काय?" मी विचारलं.

"म्हणायचं, तीन वाजता शाळा सुटते. जाऊन उभे राहा आणि बघा."

बावीस वर्षांत बाईंनी यापलीकडे एक अक्षर काढलं नाही. एका गिऱ्हाइकाने तर विनवलं, बोलू नका, चांगली असेल तर नुसता डोळा मिचकावा. बाईंनी दोन्ही डोळे घट्ट मिटून घेतले.

गेल्या वसंतात जेनीनच्या नवऱ्याची बदली आमच्याकडे झाली. त्यांची हेझल पाच वर्षांची, ऑगस्टपासून शाळेत जाणार. आणि बाईंच्या घरापासून तिसरं घर नेमकं तेव्हाच विकायला निघालं. बाई आठवडाभर ऑफिसात गुणगुणत होत्या. घरच्या माणसांना आपण घर दाखवू नये म्हणून त्यांनी ते काम माझ्याकडे सोपवलं, आणि घर दाखवायच्या दिवशी स्वतःच येऊन गाडीत नातीशेजारी मागे बसल्या.

जेनीन शाळेत माझ्या दोन वर्षं पुढे. माझे पुढचे दात पडले तेव्हापासून मी तिचा बोळक्या, तो आजतागायत. घर तिला आवडलं. हेझल तर त्या पडवीपासून आजीच्या दारापर्यंत तीनदा पळून आली. मग गाडीत बसल्यावर जेनीनने फोन काढला.

"आई, चार गं."

"तू तिथेच शिकलीस."

"म्हणून तर भीती वाटते. बोळक्याकडे बघ ना."

"तो चांगला कमावतो आता," बाई म्हणाल्या. मग जरा थांबून, "बरा कमावतो."

जेनीन माझ्याकडे वळली. "ए, तूच सांग. शाळा आता कशी आहे?"

"नियमाने मला बोलता येत नाही."

"घर दाखवायला आलायस की मुका अभिनय करायला?"

मी आरशात पाहिलं. बाई माझ्याकडे अशा बघत होत्या की बोल ना मेल्या, एकदाच बोल. ज्यांनी कुलूप घातलं त्याच किल्ली शोधत होत्या. मी म्हणालो, "तीन वाजता शाळा सुटते."

मग जाऊन उभे राहिलो. मुलं बाहेर आली. एकाचं जाकीट उलटं, एक रडतंय, एक त्या रडणाऱ्याला अर्धं बिस्कीट देतंय. एक तरुण शिक्षिका खाली बसून कुणाच्या तरी बुटाची नाडी बांधत होती आणि मान वर करून दुसऱ्याच्या आईशी बोलत होती. जेनीन बराच वेळ बघत राहिली.

"छान आहे गं," ती हळूच म्हणाली. "हेझल रमेल इथे."

बाईंनी आता फक्त गप्प राहायचं होतं. त्यात त्यांचा हात धरणारं आमच्या धंद्यात कुणी नाही. पण जेनीनने विचारलं, "आई, दलाल म्हणून नको सांगूस. तू घातलं असतंस का तिला इथे?"

बाईंनी हेझलच्या टोपीची गाठ सोडली, पुन्हा बांधली.

"नाही," त्या म्हणाल्या. "एका वर्गात चौतीस मुलं आहेत. वाचनालय सोमवारपुरतं उघडतं. गाणं शिकवणाऱ्या बाई गेल्या, त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. शाळेसाठी जादा घरकर द्यायचा का, असं गावाला तीनदा विचारलं. तिन्ही वेळा गाव नाही म्हणालं."

"काय माणसं आहेत!"

"पहिल्या वेळी एकोणीस मतं कमी पडली. नाही म्हणणाऱ्यांत मी होते, जेनीन. तुझे बाबा गेले होते, तू शिकागोला गेली होतीस. म्हटलं, आता माझं कोण आहे त्या शाळेत?"

जेनीनने हेझलला उचलून गाडीत बसवलं. 

आम्ही तसेच हॉलिस हिल या दूरच्या उपनगरात दुसरं घर बघायला गेलो. तिथल्या शाळेला नऊ गुण. घर लहान, महाग, पडवी नाहीच. जेनीनने दहा मिनिटांत होकार दिला. तिथून निघताना बाईंनी मागून विचारलं, "इथून माझं घर किती लांब रे?"

"पन्नास मिनिटं."

"दुपारच्या गर्दीत?"

"सव्वा तास धरा."

"म्हणजे तीनला इथे पोचायचं तर पावणेदोनला निघायला हवं."

"आई, रोज थोडंच यायचंय तुला?"

"रोज कोण म्हणतंय? गुरुवारी माझ्याकडे गिऱ्हाइकं कमी असतात. गुरुवारी चालेल?"

जेनीनने खिडकीकडे तोंड करून होकाराची मान हलवली. हेझलला मात्र हा बेत एकदम पसंत पडला.

"गुरुवार कधी असतो, आजी?"

त्या दिवशी शुक्रवार होता.

"असतो गं," बाई म्हणाल्या. "जरा लांब असतो."