रफू केलेला स्वेटर

माझी मावशी कपड्यांच्या दुकानात काउंटरवर होती. दुकान साधंसुधं नव्हे. दारावर ‘पृथ्वीला न दुखावणारे कपडे’ अशी पाटी आणि खाली एक मोठी पेटी. जुने कपडे पेटीत टाका, कंपनी त्यांचं सूत काढून नवे कपडे करते, असं मावशी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायची. लोकांचा विश्वास पाटीवर नव्हता, मावशीवर होता. ‘हे धुतल्यावर आटेल, घेऊ नका’ म्हणून तिने कितीतरी जणांना रिकाम्या हाती परत पाठवलं होतं. मॅनेजर दातओठ खायचा, पण माणसं पुन्हा तिलाच शोधत यायची.

काका गेल्यावर तिने त्यांचा हिरवा स्वेटर पेटीत टाकायचं ठरवलं. पण आधी कोपराला रफू करत बसली. हिरवी लोकर संपलेली, म्हणून तपकिरी.

“अगं, त्याच्या चिंध्याच करणार आहेत,” मी म्हटलं.

“असू दे. फाटकं दिलं तर तुझे काका काय म्हणतील?”

रफू झाल्यावर तिने स्वेटरची नीट घडी घातली आणि दुकानातल्या पेटीत टाकला.

पुढे एकदा आम्ही दोघी बाजारात गेलो, तर पुलाखालच्या जुन्या कपड्यांच्या ढिगात तोच स्वेटर. तपकिरी कोपरासकट.

“दुकानांच्या पेट्यांतला माल,” विकणारा म्हणाला. “धड असतं ते आम्हाला मिळतं, बाकीचं कचऱ्यात.”

म्हणजे तिच्या रफूमुळेच तो वाचला होता. मी कंपनीचा उद्धार करत सुटले. मावशीने नवऱ्याचा स्वेटर विकत घेतला आणि म्हणाली, “मी किती जणांना सांगितलं गं.” रात्री ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिचा डबा घेऊन दुकानात गेले, म्हणून पुढचं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. एक शिक्षिका बाही उसवलेला कोट घेऊन आल्या.

“आईचा आहे. गेली ती. टाकवत नव्हता, पण तुम्ही सांगितलंत म्हणून आणला. नवं काहीतरी होईल ना याचं?”

मॅनेजर शेजारीच उभा होता. नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तर नोकरी शाबूत होती. मावशीने पिशवीतून स्वेटर काढून काउंटरवर ठेवला.

“नाही होत, बाई. हा माझ्या नवऱ्याचा, याच पेटीत टाकलेला. पुलाखाली विकायला होता. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं.”

शिक्षिकेने कोट छातीशी धरला. “मग आता काय करू याचं?”

“घाला. बाही मी शिवून देते.”

“उद्यापासून येऊ नका,” मॅनेजर म्हणाला.

मावशीने स्वेटर अंगात चढवला, डबा उचलला आणि आम्ही बाहेर पडलो. शिक्षिका दाराशी थांबल्या होत्या. त्यांनी आईचा कोट मावशीच्या हातात दिला आणि काहीही न विचारता चालू लागल्या. शेवटी मावशीलाच मागून हाक मारून घरचा पत्ता सांगावा लागला.