कापशीचं लंघन

हे आमच्या ह्यांनासुदिक ठाव न्हाई. सात वर्सं झाली, कुणाफुडं तोंड उघडलं न्हाई म्या. आता लपवायचा पण कटाळा आलाय बघा. तुमी बसलाच हाय तर ऐका — मदीच गप झाले तर गप राहू द्या.

माझं माहेर पासलीच्या वरल्या अंगाला, शेरडा-मेंढरांचं. लगीन करून किकवीत आले, तरी गल्लीत कुणाची शेळी फुगली की हाक मलाच. "आक्का, जनावराचं तुमालाच कळतं." लई गोड लागायचं ते ऐकाया. खोटं कशाला बोलू?

माझ्या धाकट्या जावंची पोर मनू. मला मोठी आई म्हणते. नऊ वर्सांची व्हती तवा तिच्या मामानं ससा आणून दिला — पांढरीफेक मादी, नाव कापशी. शाळेतनं आली की दप्तर उंबऱ्यात आन पोर कापशीपाशी.

एक दिस कापशी खायाची थांबली. मेथी तोंडाला लावली तरी मान फिरवायची. लेंड्या न्हाईत, पोट ताठ, कोपऱ्यात अंग चोरून बसलेली. जावंनं जनावराच्या डॉक्टरला फोन लावला. ते म्हणले, उपाशी अजिबात ठेवू नका, सशाचं पोट रिकामं राहिलं की आतडंच बंद पडतं. पाला वाटून, पाणी घालून, दर दोन तासांनी पिचकारीनं भरवा आन सांजच्याला दवाखान्यात आणा. जाऊ वरव्याला कंपनीत कामाला. तिनं पाला वाटला, वाटी आन पिचकारी माझ्या हातात दिली. "आक्का, चुकवू नका हां."

म्या व्हय म्हणलं.

आन ती गेल्यावर काय केलं? कापशीला पाटीखाली झाकलं. पाणी तेवढं ठेवलं, चारा काढून घेतला. आमच्यात पोट बिघडलं की लंघन — शेरडाला, मेंढराला, माणसाला पण. फोनवरचा डॉक्टर मला शिकवणार व्हय? पण दुपारी पाटी उचलली तवा ती करकर दात खात व्हती. कान गार पडलेले. मला कळलं. जल्म शेरडात गेला, मला कळणार न्हाई का? वाटी तितंच व्हती, हाताच्या अंतरावर. भरवलं असतं तर आपलं चुकलं असं झालं असतं — एवढ्यासाठी न्हाई भरवलं.

वाटीतला पाला शेळीफुडं वतला. पिचकारी विसळून पालथी घातली. जाऊ आल्यावर म्हणलं, "चार बारी भरवलं." गाडीवरनं भोरला नेताना कापशी मनूच्या मांडीवरच गेली.

इथवर तुमी म्हणाल, माणूस हाय, चुकतं. पण ही चूक सांगाया न्हाई बसवलं तुमाला.

घरी आल्यावर मनू हुंदके देत इचारत व्हती, "मोठी आई, तू तर भरवलं व्हतंस, मग कशानं गेली गं?" सगळे माझ्याकडं बघाया लागले. आन म्या — काय बोलले म्या? "तू आयतवारी बिस्किट चारलंस न्हवं तिला? ते बाधलं."

पोर रडायची एकदम थांबली. आपल्या हाताकडं बघत बसली. कुणी तिला रागावलं न्हाई, उलट सगळ्यांनी जवळ घेतलं. म्या पण घेतलं. लाज वाटायला पायजे व्हती मला, पण तवा सुटल्यासारखं वाटलं.

आता मनू अकरावीला हाय, एसटीनं भोरला जाते. मागल्या हप्त्यात आमची शेळी व्याली. करडू आचळ धरंना, म्हणून म्या दुधाची बाटली मनूफुडं केली. तिनं दोन्ही हात मागं घेतले. "नको गं मोठी आई, तूच पाज. माझ्या हातचं जनावराला सोसत न्हाई." रागानं न्हाई, रडून न्हाई. गावाचं नाव सांगावं तसं सांगितलं.

तवा तरी बोलायचं का न्हाई? घरात आमी दोघीच व्हतो. शब्द ओठावर आला व्हता.

म्या बाटली घेतली. करडू चुटूचुटू प्यालं. मनू लांबनं बघत हसली आन म्हणली, "जनावराचं तुलाच कळतं बघ."

म्या व्हय म्हणलं.